डी मध्ये फाउल झाला की पेनल्टीच का?

प्रश्न: सर, आमच्या पेठेतल्या पोरांची मॅच होती. आमच्या बॅकनं पायानं बॉल मागं दिला आणि गोलीनं हातानं उचलला. रेफ्रीनं शिट्टी मारून समोरच्यांना छोट्या बॉक्सच्या रेघेवर फ्री किक दिली. ते म्हणतात पेनल्टी पाहिजे, आम्ही म्हणतो गोलीनं डी मध्ये, म्हणजे गोलसमोरच्या मोठ्या बॉक्समध्ये, हात लावला तर फाउल कसला? अर्धा तास भांडण चाललं. बरोबर कोण? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: दोघंही चुकलात, रेफ्री बरोबर! भांडताना सगळे कुठं झालं एवढंच बघतात, पण आधी बघायचं असतं काय झालं ते. लाथ मारणं, पाडणं, ढकलणं, धरून ठेवणं, हँडबॉल असलं काही बॉक्सच्या बाहेर झालं की डायरेक्ट फ्री किक, आणि तेच डिफेंडरनं स्वतःच्या बॉक्समध्ये केलं की पेनल्टी. बॅकपास उचलणं त्यात येतच नाही, त्याला इनडायरेक्ट, म्हणजे किक मारल्यावर बॉल अजून कुणाला तरी लागल्याशिवाय गोल धरत नाहीत, रेफ्री हात वर करून उभा असतो तो त्यासाठीच. हा नियम आला १९९२ मध्ये. त्याआधी गोलनं पुढं असलेली टीम बॅककडून गोलीकडं, गोलीकडून परत बॅककडं असं करत निवांत वेळ काढायची, १९९० चा वर्ल्डकप बघताना तर लोकं वैतागली होती. आता डोक्यानं किंवा छातीनं मागं दिला तर गोली उचलू शकतो, पण पायानं उडवून मुद्दाम डोक्यावर घेऊन दिला तर ती चलाखी झाली, देणाऱ्याला यलो कार्ड.

आणि बॉल रेघेवर ठेवला तेही बरोबरच. गोली गोलच्या अगदी तोंडाशी असला तरी किक गोललाइनपासून साडेपाच मीटरच्या, म्हणजे छोट्या बॉक्सच्या रेघेच्या, आतून मारत नाहीत. फ्री किकला समोरच्यांनी बॉलपासून ९.१५ मीटर लांब राहायचं असतं, पण गोलच्या तेवढ्या जवळ लांब कुठं जाणार, म्हणून डिफेंडरना दोन पोस्टच्या मधे गोललाइनवर उभं राहता येतं. अख्खी टीम दाटीवाटीनं उभी असते, मला तर पेनल्टीपेक्षा हेच बघायला आवडतं.

प्रश्न: धक्का बाहेर बसला, प्लेअर पडला आत. मग?

उत्तर: धक्का बसला ती जागा धरायची, त्यामुळं फ्री किकच. मात्र जर्सी बाहेर धरली आणि आत येईपर्यंत सोडलीच नाही तर पेनल्टी. रेघेवर झालं तरी पेनल्टी, कारण रेघ बॉक्सचीच. बाय द वे, आपल्याकडं सगळ्या बॉक्सला डी म्हणायची सवय आहे, पण बाहेरचा तो अर्धगोल बॉक्समध्ये येत नाही, तो फक्त पेनल्टीच्या वेळी बाकीच्यांना लांब ठेवायला.

प्रश्न: बेंगळुरूच्या सुनील छेत्रीनं केरळ ब्लास्टर्सवर फ्री किकवर मारलेल्या त्या गोलला शिट्टी कुठं वाजली होती?

उत्तर: वाजायची गरजच नव्हती. ३ मार्च २०२३, बेंगळुरूचं कांतीरवा स्टेडियम, आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) प्लेऑफ, नव्वद मिनिटं ०-० आणि एक्स्ट्रा टाइम चालू. ब्लास्टर्सचा गोली भिंत लावत होता, म्हणजे किक अडवायला आपल्या प्लेअरना ओळीत उभं करत होता, तेवढ्यात छेत्रीनं हळूच बॉल आत टाकला. ब्लास्टर्सवाले चिडून मैदान सोडून गेले ते आलेच नाहीत, मॅच बेंगळुरूला मिळाली, वर फेडरेशननं ब्लास्टर्सला चार कोटी दंड ठोकला आणि त्यांच्या कोचवर दहा मॅचची बंदी. नियम असा की फ्री किक मारायला शिट्टी लागतेच असं नाही, रेफ्रीनं थांबायला सांगितलं असेल, भिंतीचं अंतर मोजत असेल किंवा कार्ड दाखवत असेल तरच लागते. म्हणून अंतर मागताना विचार करा, एकदा मागितलंत की शिट्टीसाठी थांबणं आलं. छेत्रीनं मॅचनंतर सांगितलं की भिंत पण नको, शिट्टी पण नको असं तो रेफ्रीला आधीच बोलला होता.