मैदान रिकामं, बाजार भरलेला

लातूर-नांदेडकडची मुलं एम.एस. करायला ओहायो, टेक्सास, इंडियानाला जातात आणि दोन महिन्यांत घरच्या फोनवर फुटबॉलची भाषा सुरू होते. हा अमेरिकेतल्या विद्यापीठांचा, अंडाकृती चेंडूचा, हातात धरून पळायचा फुटबॉल. हंगाम ऑगस्टअखेर ते जानेवारी. सामन्यांचे नियम मागच्या अंकात दिले होते. त्यावर आलेली पत्रं मात्र बहुतेक सामने नसतानाच्या काळाबद्दलच आहेत.

प्रश्न: मुलगा कोलंबसला शिकतो. जूनमध्ये आनंदाने म्हणाला, "आमच्याकडे एक मोठा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून डाव चालवणारा) कमिट झाला." नोव्हेंबरात तोच खेळाडू दुसऱ्या विद्यापीठाकडे गेला. शब्द दिला होता ना? (लातूर)

शब्द होता, कागद नव्हता. प्लॉटच्या व्यवहारात आपल्याकडे आधी बोलणी होतात, मग इसार, मग खरेदीखत. ‘कमिट’ म्हणजे नुसती बोलणी. तिला इसाराचंही बळ नाही. त्यात मुलगा बांधला जात नाही आणि विद्यापीठही बांधलं जात नाही. दहावीतला मुलगा "मला अमुक विद्यापीठाची शिष्यवृत्तीची ऑफर आली" असं जाहीर करतो, तीही तोंडीच असते. लेखी ऑफर द्यायला बारावीच्या वर्षातल्या 1 ऑगस्टपर्यंत थांबावं लागतं. एकाच जागेसाठी चार-पाच जणांना तोंडी ऑफर देऊन ठेवणं हा तिथला रोजचा रिवाज आहे. त्यातली कोणती ऑफर आज लगेच ‘हो’ म्हणून घेता येईल, हे फक्त कोचला ठाऊक असतं.

खरेदीखताचा दिवस डिसेंबरात येतो. 2017 पर्यंत सह्या फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी सुरू होत. त्या वर्षी डिसेंबरातली लवकरची सही आली आणि पुढे ती आणखी अलीकडे सरकली: 2024 ला 4 डिसेंबर, 2025 ला 3 डिसेंबर. नावाजलेली बहुतेक मुलं तेव्हाच सही करतात. फेब्रुवारीत उरतो तो उठता बाजार. ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’ हा जुना कागद ऑक्टोबर 2024 मध्ये रद्द झाला. आता आर्थिक मदतीच्या करारावर सही होते, आणि ती झाली की इतर विद्यापीठांनी त्या मुलाला भरतीसाठी गाठायचं नाही असा नियम आहे.

सही खेळाडूच्या गावच्या सकाळी सातपासून चालते. म्हणजे जॉर्जियाच्या मुलाची बातमी आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचनंतर, टेक्सासची साडेसहानंतर, कॅलिफोर्नियाची रात्री साडेआठनंतर. दुपारी तीनला "सही झाली" असा मेसेज आला तर तो कुणाच्या तरी कल्पनेतला समजावा.

मुलगा फिरणार की टिकणार याचा अंदाज भेटींवरून येतो. ‘अधिकृत भेटी’चा खर्च विद्यापीठ करतं, ‘अनधिकृत’ भेटीला मुलगा स्वतःच्या खर्चाने जातो. एकाला शब्द दिलेला मुलगा नोव्हेंबरात दुसरीकडे अधिकृत भेटीला गेला, तर बोलणी ढिली पडली. कोचच्या भेटीगाठींचेही ठरलेले काळ आहेत. ‘कॉन्टॅक्ट’ काळात ते मुलाच्या घरी किंवा शाळेत जाऊन बोलू शकतात. ‘इव्हॅल्युएशन’मध्ये शाळेत जाऊन खेळ बघायचा, पण समोरासमोर बोलणं नाही. ‘क्वाएट’मध्ये भेट फक्त विद्यापीठाच्या आवारात, आणि ‘डेड’ काळात प्रत्यक्ष भेट कुठेच नाही, फोन आणि मेसेज चालतात. ‘डेड’ काळात "कोच काल त्याच्या घरी जेवून गेले" असं कुणी लिहिलं, तर एक तर नियम मोडला आहे, नाही तर बातमी खोटी आहे. दुसरी शक्यता कितीतरी जास्त.

प्रश्न: पोरगी म्हणते अर्धा संघ ‘पोर्टल’मध्ये गेला. हे पोर्टल काहून काढलं? शिकणारं पोर असं मधेच कॉलेज कसं सोडतं? (परभणी)

ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंद, 15 ऑक्टोबर 2018 ला सुरू झालं. त्याआधी दुसरीकडे जायला जुन्या विद्यापीठाच्या परवानगीवर अवलंबून राहावं लागे. पोर्टलने ती अडवणूक काढली. तरी फुटबॉलवाल्याला नव्या जागी वर्षभर बसून काढावं लागे. 2021 पासून एकदा न बसता जाता येऊ लागलं. 2024 पासून अभ्यासात पात्र असेल तर कितीही वेळा.

तारखा सतत बदलत आल्या आहेत, म्हणून जुन्या लेखांवर विसंबू नका. 2025 पर्यंत नाव घालायची एक खिडकी डिसेंबरात आणि दुसरी एप्रिलात होती. 2026 पासून एप्रिलची बंद झाली आणि 2 ते 16 जानेवारी ही एकच उरली. अंतिम सामना खेळणाऱ्या दोन संघांना त्यानंतर पाच दिवस जास्तीचे. लोक घोटाळा करतात तो इथे: ही मुदत नाव घालण्याची आहे, नवं विद्यापीठ निवडण्याची नाही. 16 तारखेला नाव घातलेला मुलगा फेब्रुवारीतही ठिकाण ठरवू शकतो.

पोर्टल ही एनसीएएची, म्हणजे कॉलेज खेळ चालवणाऱ्या संघटनेची, आतली नोंदवही आहे. ती विद्यापीठांचे कर्मचारीच बघू शकतात. आपल्याला दिसतात त्या पत्रकारांनी जमवलेल्या याद्या. मुलाने लेखी कळवल्यावर विद्यापीठाने दोन कामकाजाच्या दिवसांत नाव चढवायचं असतं. त्यामुळे "जाणार" अशी बातमी आणि यादीत नाव यांत दोन-तीन दिवसांचं अंतर पडतं. तेवढ्यात मन वळून तो राहूही शकतो. नाव चढवल्यावर मात्र जुन्या विद्यापीठाला त्याची शिष्यवृत्ती सत्र संपल्यावर थांबवता येते, म्हणून परतीची वाट अरुंद होते.

"अर्धा संघ गेला" हे ऐकून घाबरू नका, वहीत मांडा. खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या सामूहिक दाव्यातली तडजोड न्यायालयाने 6 जून 2025 ला मान्य केली. ती स्वीकारलेल्या विद्यापीठांना संघात 105 खेळाडूंची मर्यादा आहे. पूर्वीची 85 शिष्यवृत्त्यांची अट त्यांच्यापुरती गेली. शिवाय खेळाडूंना थेट पैसे देता येतात, 2025-26 साठी एका विद्यापीठाच्या सगळ्या खेळांना मिळून साधारण 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. वहीत जागेप्रमाणे ओळी आखा: क्वार्टरबॅक, ऑफेन्सिव्ह लाइन (क्वार्टरबॅकपुढची भिंत), बचावफळी वगैरे. प्रत्येकीपुढे पाच रकाने: खेळण्याची मुदत संपलेले, एनएफएलला (व्यावसायिक लीगला) गेलेले, पोर्टलने गेलेले, सही केलेले नवे, पोर्टलने आलेले. गेलेल्यांपुढे मागच्या हंगामात किती सामने सुरुवातीपासून खेळला हेही लिहा. वीस जण गेले आणि त्यातले सतरा बाकावरचे असतील, तर ती पडझड नव्हे, छाटणी आहे. उलट ऑफेन्सिव्ह लाइनचे तीन गेले तर काळजी करा. तिथे एका वेळी पाच जण लागतात, आणि शाळेतून आलेल्या पोराचं अंग त्या जागेसाठी भरायला दोन-तीन वर्षं जातात.

प्रश्न: चार तारे, पाच तारे कोण देतं? त्यावर विश्वास ठेवावा का? (उदगीर)

खाजगी मानांकन संस्था देतात: 247स्पोर्ट्स, रायव्हल्स, ईएसपीएन. 247 च्या हिशेबात पाच तारे साधारण 32 जणांना, कारण एनएफएलच्या वार्षिक खेळाडू-निवडीच्या पहिल्या फेरीत 32 निवडी होतात. ‘कॉम्पोझिट’ म्हणजे निरनिराळ्या संस्थांचा एकत्र काढलेला आकडा. एकट्यादुकट्या मताऐवजी तोच बघावा.

संघाच्या क्रमवारीत संख्येचा फुगवटा असतो. 28 जणांची तुकडी 16 जणांच्या चांगल्या तुकडीच्या वर जाऊन बसते. म्हणून क्रमांकाशेजारचा प्रतिखेळाडू सरासरी गुण हा रकाना आधी वाचा. तारे पुष्कळांच्या बाबतीत बरोबर ठरतात, एकेकट्याच्या बाबतीत हमखास नाही. आणि आता तयार खेळाडू पोर्टलने मिळतात. कोच कर्ट सिग्नेटी जेम्स मॅडिसन विद्यापीठातून इंडियानाला आले ते आपले तेरा खेळाडू घेऊन. 2023 ला 3 विजय आणि 9 पराभवांवर असलेला संघ 2024 ला 11 विजय मिळवून प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या बाद फेरीत, पोचला. नुसत्या शालेय भरतीच्या याद्यांतून हे दिसलं नसतं.

प्रश्न: एक कोच गेला की चार विद्यापीठांत खळबळ कशी होते? आणि काढून टाकलेल्याला कोट्यवधी का देतात? (जालना)

10 जानेवारी 2024 ला अलाबामाचे कोच निक सेबन निवृत्त झाले. अलाबामाने वॉशिंग्टनचे केलन डीबोअर नेले, वॉशिंग्टनने अॅरिझोनाचे जेड फिश, अॅरिझोनाने सॅन होजे स्टेटचे ब्रेंट ब्रेनन. सगळं आठवड्याभरात. विहिरीतली एक घागर उपसली की बाजूचं पाणी धावतं, तसं. अलाबामाचा बचावातला उत्तम खेळाडू केलब डाउन्स ओहायो स्टेटला गेला आणि 20 जानेवारी 2025 ला त्याच संघाने विजेतेपद घेतलं. कोच गेल्यावर खेळाडूंना वेगळी खिडकी मिळते. तेव्हा ती 30 दिवसांची होती. आताच्या नियमात नवा कोच ठरल्यानंतर पाच दिवसांनी सुरू होऊन 15 दिवस चालते. म्हणून नेमणूक रेंगाळली की मुलं टांगणीला लागतात.

तारखांचा पेच आणखी एक. कोच लेन किफिन 30 नोव्हेंबर 2025 ला ओल मिस (मिसिसिपी विद्यापीठ) सोडून एलएसयूला (लुइझियाना स्टेट) गेले, सह्यांच्या तीन दिवस आधी, आणि ओल मिसचा प्लेऑफ बाकी असताना. हंगाम चालू असतानाच भरती येते, त्यामुळे नवा कोच हवा असलेलं विद्यापीठ डिसेंबर उलटू देत नाही.

पैशाचं: पाडव्याला सालगडी दुसऱ्या मालकाकडे गेला तर पहिल्याची उचल नवा मालक फेडतो, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. कोच स्वतःहून गेला की बायआउट तसंच चालतं. करारात ठरलेली रक्कम जुन्या विद्यापीठाला मिळते आणि ती बहुधा नवं विद्यापीठ भरतं. विद्यापीठाने काढलं तर गणित उलटं: उरलेल्या वर्षांच्या पगाराचा ठरलेला हिस्सा कोचला. टेक्सास ए अँड एमने नोव्हेंबर 2023 मध्ये जिम्बो फिशर यांना काढलं, तेव्हा देणं साडेसात कोटी डॉलरच्या वर होतं. करारात एक कलम शोधा: कोचला दुसरी नोकरी लागली तर तो पगार या देण्यातून वजा होतो का? फिशर यांच्या करारात ती वजावट नव्हती, म्हणून आकडा तसाच राहिला. कोच वाईट की करार लिहिणारे, हे वाचकांनी ठरवावं.

करार मिळतो कुठे? सरकारी विद्यापीठांचे करार त्या त्या राज्याच्या माहिती कायद्याखाली बाहेर येतात, आपल्या माहितीच्या अधिकारासारखेच. तिथली वर्तमानपत्रं ते पूर्ण छापतात. स्टॅनफर्ड, नोत्र दाम ही खाजगी. त्यांच्या कर विवरणात, म्हणजे फॉर्म 990 मध्ये, सर्वाधिक पगारवाल्यांची नावं येतात, पण वर्षाहून अधिक उशिराने. सरकारी विद्यापीठाच्या मंडळाची तातडीची बैठक लागली आणि विषयपत्रिकेत ‘कर्मचारी विषय’ असेल, तर ती कोचच्या विमानांच्या मागावर बसणाऱ्यांपेक्षा पक्की खूण. करारात तीनपेक्षा कमी वर्षं उरली आणि मुदतवाढ नाही, तर प्रतिस्पर्धी कोच तेच मुलांच्या आईबापांना सांगतात: "तुमचा मुलगा तिसऱ्या वर्षाला येईपर्यंत ते असतील का?"

सहायक कोचकडेही लक्ष ठेवा. प्रत्यक्ष भरती तेच करतात, एकेकाला भाग वाटून दिलेला असतो. 2024 पासून मैदानावर शिकवायला संख्येची अट नाही, पण बाहेर जाऊन भरती करायला हेड कोच धरून अकराच. जानेवारी-फेब्रुवारीत, सह्या पार पडल्यावर, हे लोक एनएफएलला जातात. मुलाने ज्याच्यासाठी सही केली तोच निघून जातो. हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात कमी छापला जाणारा प्रकार.

प्रश्न: एप्रिलातला सराव सामना रात्री जागून बघावा का? (हिंगोली)

वसंतातला सराव 34 दिवसांत 15 सत्रांचा असतो आणि बऱ्याच ठिकाणी त्याच्या शेवटी स्प्रिंग गेम. दुपारी एकचा सामना ओहायोत असेल तर आपल्याकडे रात्री साडेदहा, टेक्सासात असेल तर साडेअकरा. निकाल मनावर घेऊ नका. लाइनमधले दोघे-तिघे दुखापतीने बाहेर असले तर पुरेसे दोन संघ उभेच राहत नाहीत. क्वार्टरबॅकला खाली पाडायचं नसतं, डावपेच साधे ठेवतात. बघायचं ते एवढंच: पहिल्या संघाबरोबर कोण उभं राहतं, आणि साध्या पोशाखात बाजूला कोण थांबलंय. नेब्रास्का आणि टेक्सासने 2025 ला हा सामनाच केला नाही. नेब्रास्काचे कोच मॅट रूल यांनी कारण सांगितलं होतं की इतर लोक आमचे खेळाडू हेरतात.

प्रश्न: मुलगा बी.ई. होऊन एम.एस.ला चालला आहे. उंच, दणकट आहे, कॉलेजात गोळाफेक करायचा. तिथे संघात घेतील का? (अंबाजोगाई)

शिष्यवृत्तीशिवायच्या ‘वॉक-ऑन’ खेळाडूंसाठी काही विद्यापीठं चाचणी घेतात. पण आधी वर्षं मोजा. डिव्हिजन वनमध्ये (एनसीएएच्या सगळ्यात वरच्या पातळीवर) पाच वर्षांचं घड्याळ पहिल्या पूर्णवेळ कॉलेज प्रवेशापासून सुरू होतं, आणि ते कॉलेज जगात कुठेही असो. अंबाजोगाईत किंवा पुण्यात काढलेली चार वर्षं त्यात मोजली जातात. सरळ गेला तर पाचवं एक वर्ष उरतं. मध्ये दोन वर्षं नोकरी केली असेल तर काही उरत नाही.

एक वर्ष हाताशी असेल तर जाण्याआधीच एनसीएए एलिजिबिलिटी सेंटरवर नाव नोंदवा आणि बारावीपासूनच्या गुणपत्रिका जवळ ठेवा. पूर्णवेळ प्रवेश हवाच. चाचणीची तारीख संघाच्या कार्यालयाला ईमेल करून विचारा. 105 च्या मर्यादेने वॉक-ऑनच्या जागा घटल्या आहेत. आणि कुणी जाहिरातीचे पैसे देऊ केले तर सही करण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात कागद दाखवा. एफ-1 व्हिसावर बाहेरचं काम करण्यावर बंधनं आहेत, आणि तिथे चूक झाली तर मैदानच नव्हे, एम.एस.ही हातचं जाईल.