१९६९च्या पॉन्टिॲक फायरबर्डसाठी साधा, परवडणारा नवा इंजिन ब्लॉक का मिळत नाही?

आपण ओहायोत १९६९ची पॉन्टिॲक फायरबर्ड ४०० विकत घेतली, आधीच्या मालकाने रेडिएटरमध्ये नुसते पाणी ठेवले होते, ते हिवाळ्यात गोठले आणि ब्लॉकला बाहेरच्या बाजूने तडा गेला. शेव्हरोलेच्या ३५० इंजिनाचा नवा ब्लॉक सहज मिळतो, पॉन्टिॲकचा मात्र शर्यतीसाठीचाच आणि कितीतरी महाग मिळतो. मग इतके लोक मागत असताना साधा ब्लॉक कोणी का बनवत नाही, आणि तो कोल्हापुरात ओतून घेता येईल का, असा आपला प्रश्न आहे. मी कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एका फाउंड्रीत नऊ वर्षे कोअर शॉप, म्हणजे ओतीव भागात पोकळी राखणारे वाळूचे गाभे बनवणारा विभाग, सांभाळले आणि गेली बारा वर्षे मिशिगनमध्ये जुनी इंजिने बांधणाऱ्या मशीन शॉपमध्ये काम करतो आहे, म्हणून दोन्हीकडचे सांगू शकतो.

मागणी खरी आहे, पण ती एका जागी नाही. साठच्या दशकात जनरल मोटर्सच्या शेव्हरोले, पॉन्टिॲक, ओल्ड्समोबील आणि ब्युइक या विभागांची व्ही-८, म्हणजे इंग्रजी व्हीच्या आकारात आठ सिलिंडर असलेली, इंजिने वेगवेगळी होती. १९७०च्या सुमारास यांपैकी तिघांनी ४५५ घनइंचांचे इंजिन विकले. पॉन्टिॲकचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ४.१५ इंच आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ४.२१, ओल्ड्समोबीलचा ४.१२६ आणि ४.२५, तर ब्युइकचा ४.३१२५ आणि ३.९. आकडा एकच असला तरी एकाचा ब्लॉक दुसऱ्याच्या कामाचा नाही. फोर्डमध्ये एफई, विंडसर, क्लीव्हलँड अशी घराणी निराळी, क्रायस्लरमध्ये ३४०, ४४० आणि ४२६ हेमी निराळी. बाहेरून ‘मसल कारच्या’, म्हणजे त्या काळच्या मोठ्या इंजिनाच्या ताकदवान गाड्यांच्या, ‘ब्लॉकची मागणी’ अशी एकच दिसणारी गोष्ट फाउंड्रीच्या दारात पोहोचेपर्यंत अशी दहा-बारा ठिकाणी वाटली गेलेली असते. शेव्हरोलेचे स्मॉल ब्लॉक १९५५ साली आले, त्याच्या दोन सिलिंडरच्या केंद्रांमधले ४.४० इंचांचे अंतर पुढे अनेक दशके तेच राहिले, आणि २०११ साली जनरल मोटर्सने आपल्या स्मॉल ब्लॉक इंजिनांचा दहा कोटींचा टप्पा साजरा केला. पॉन्टिॲकचे स्वतःचे व्ही-८ इंजिन १९८१ नंतर बनलेच नाही.

ब्लॉक महाग का पडतो, हे बिडाच्या भावावरून कळत नाही; बीड हा त्यातला स्वस्त भाग आहे. व्ही-८ ब्लॉकच्या पोटात पाण्याच्या जागा, क्रँककेस, टॅपेटची दरी अशी सगळी पोकळी वाळूच्या कोअरनी घडवावी लागते, आणि प्रत्येक कोअरसाठी धातूचा कोअर बॉक्स, बाहेरच्या साच्यासाठी पॅटर्न आणि नंतर मशीनवर ब्लॉक पकडायला फिक्श्चर लागते. समजा, हे सगळे उभे करायला तीन लाख डॉलर लागले. तीन हजार ब्लॉक विकले गेले तर प्रत्येकावर शंभर डॉलर बसतात, आणि तीनशेच विकले गेले तर हजार. त्यात सुरुवातीच्या ओतकामात कोअर हलणे, वायूची छिद्रे राहणे, पातळ भिंतीत रस न पोहोचणे यांमुळे जे रिजेक्शन होते, त्याचा खर्चही त्या तीनशेंच्याच डोक्यावर येतो.

आता आपल्या प्रश्नाचा गाभा. साधा ब्लॉक ओतायला आणि भक्कम ब्लॉक ओतायला खर्च जवळपास सारखाच येतो. भक्कम ब्लॉकला वीस-पंचवीस किलो बीड जास्त लागेल, क्रँकशाफ्टला खालून धरणाऱ्या मेन कॅप बिडाऐवजी पोलादाच्या येतील, पण पॅटर्न, कोअर बॉक्स आणि मशीनवरचे तास तेवढेच. मग शर्यतीत हजार अश्वशक्ती काढणारा गिऱ्हाईक जास्त पैसे मोजायला तयार असताना, कारखान्यातून ३३० अश्वशक्तीच्या आकड्यासह बाहेर पडलेल्या आपल्या ४०० साठी साधा ब्लॉक बनवून कमी किमतीला विकावा, असे कोणत्या उत्पादकाला वाटेल? आणि भंगारातल्या जुन्या ब्लॉकची किंमत साध्या नव्या ब्लॉकच्या डोक्यावर छतासारखी बसलेली असते: बरा जुना ब्लॉक मिळतो तोवर नव्यासाठी त्याच्या तिप्पट पैसे कोणी देत नाही. या दोन्हींच्या मध्ये आपल्यासारखा गाडी रविवारी चालवणारा मालक अडकतो, आणि मला याचे मनापासून वाईट वाटते, कारण या गाड्या रस्त्यावर जिवंत ठेवणारी माणसे तीच आहेत.

कोल्हापूरबद्दल. तिथली ओतकामाची परंपरा शेतीच्या पाण्यासाठी लागणाऱ्या ऑइल इंजिनांवर उभी राहिली, आणि आज शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल भागांतल्या फाउंड्र्या वाहनउद्योगासाठी याहून अवघड ओतीव भाग रोज बाहेर काढतात. त्यामुळे कौशल्य नक्कीच आहे. पण फाउंड्री महिन्याकाठी किती नग लागतील हे आधी विचारते, आणि तिथेच बोलणे थांबते. मजुरीतली बचत पॅटर्नचा खर्च भरून काढत नाही, आणि जड बिडाचे थोडेसेच नग समुद्रापार आणले तर उरलेली बचतही भाड्यात जाते. पॉन्टिॲकवाल्यांच्या संघटनांनी पाचशे-हजार ब्लॉकची नोंदणी आगाऊ पैसे घेऊन केली, तर चित्र बदलू शकेल. ते व्हावे असे मला फार वाटते.

शिवाय मागणी दोन्हीकडून ओढली जाते आहे. १९६८पासून अमेरिकी गाड्यांच्या इंजिनावर गाडीच्या क्रमांकाचा भाग ठोकलेला असतो, त्यावरून इंजिन त्या गाडीचे मूळचे आहे की नाही हे कळते, त्यामुळे मूळ ब्लॉक जपून ठेवायचा आणि दुसरा लावून गाडी चालवायची, असे मालक वाढले आहेत. उलट ज्यांना फक्त चालणारी गाडी हवी आहे, ते १९९९ नंतरच्या शेव्हरोले ट्रकमधले ५.३ लिटरचे, एलएस या नव्या घराण्यातले बिडाचे इंजिन भंगारातून आणून बसवतात, आणि पॉन्टिॲक ब्लॉकच्या यादीतून एक गिऱ्हाईक कमी होते.

म्हणून माझा सल्ला असा की नवा ब्लॉक शोधण्याआधी जुना ब्लॉक गेला आहे, असे गृहीत धरू नये. गोठलेल्या पाण्याचा बाहेरच्या भिंतीवरचा तडा पुष्कळदा मेटल स्टिचिंगने, म्हणजे तड्याच्या रेषेवर एकमेकांत अडकणाऱ्या आटेदार पिना बसवून, ब्लॉक न तापवता बंद करता येतो. आधी ब्लॉक पूर्ण धुऊन चुंबकीय तपासणी करून घ्यावी, म्हणजे सिलिंडरच्या आणि मेन बेअरिंगच्या बाजूचा एखादा लपलेला तडा राहत नाही. मग अल्ट्रासॉनिक मीटरने आठही सिलिंडरच्या भिंतींची जाडी निदान चार-चार जागी मोजायला सांगावी. गेल्या वर्षी माझ्या बाकावर आलेल्या एका ४०० ब्लॉकमध्ये सहाव्या सिलिंडरच्या एका बाजूला ५.६ मिलिमीटर आणि समोरच्या बाजूला ३.१ भरले, पन्नास वर्षांपूर्वी ओतताना कोअर सरकला होता, आणि मालकाने सांगितल्याप्रमाणे मी तो ०.०६० इंच, म्हणजे सुमारे दीड मिलिमीटर, मोठा बोअर केला असता तर (व्यासातली वाढ दोन्ही बाजूंना अर्धी-अर्धी वाटली जाते, म्हणून) पातळ बाजूला सुमारे २.३ मिलिमीटर उरले असते, जे रस्त्यावरच्या गाडीलाही अपुरे आहे. आम्ही त्या एकाच सिलिंडरला स्लीव्ह, म्हणजे आतून नवी बिडाची नळी, बसवली, उरलेले सात ०.०३० इंचांवर नेले, आणि ती गाडी चालते आहे. स्लीव्ह म्हणजे जुगाड नव्हे; मापे नीट घेतली, घट्टपणा बरोबर ठेवला आणि होनिंग, म्हणजे सिलिंडरची शेवटची घासाई, करताना हेडच्या जागी तेवढाच ताण देणारी जाड टॉर्क प्लेट आवळली, तर ती आयुष्यभर टिकते.

हे सगळे करूनही ब्लॉक वाचला नाही, तर वापरलेला ब्लॉक घ्यावा, पण पाठीमागच्या, आठव्या सिलिंडरजवळच्या ओतीव आकड्यांवर हात फिरवल्याशिवाय पैसे देऊ नयेत. १९७५ ते १९७७च्या ४०० ब्लॉकवर बहुधा ५००५५७ हा आकडा असतो. वजन कमी करण्यासाठी त्याची खालची बाजू हलकी केली होती, त्यामुळे साध्या इंजिनाला तो चालेल, जास्त ताकद काढायची असेल तर टाळावा. तारीख त्याच्या जवळच असते: ‘डी०४९’ म्हणजे डी हा चौथा महिना, ०४ हा दिवस आणि ९ हा वर्षाचा शेवटचा अंक, म्हणजे ४ एप्रिल १९६९. आपला मूळ ब्लॉक मात्र भंगारात देऊ नका. त्यावर तेल फिरवून, नीट गुंडाळून गॅरेजमध्ये ठेवा, आणि त्याचा क्रमांक दुसऱ्या ब्लॉकवर ठोकून देतो म्हणणाऱ्याला स्पष्ट नकार द्या.