ईसीजी वाचण्याआधी कागदाच्या चौकटी मोजायला शिकावे

सप्रेम नमस्कार.

चोपडा तालुक्यातून आपण कळवले आहे की, धुळ्याला कार्डिओलॉजी टेक्निशियनच्या पहिल्या वर्षाला असलेल्या आपल्या मुलीला ईसीजीच्या, म्हणजे हृदयाच्या विद्युत लहरींच्या आलेखाच्या, सगळ्या पट्ट्या सारख्याच दिसतात आणि ‘निदान तर यंत्रच छापते, मग शिकून काय उपयोग’ असे म्हणून ती अभ्यासक्रम सोडायला निघाली आहे. तिने तो सोडू नये, असे मला मनापासून वाटते.

पट्टी हाती येताच आजाराचे नाव शोधायला गेले की प्रत्येक विद्यार्थी गोंधळतो. आधी चौकटी मोजाव्यात. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर या नेहमीच्या वेगाने सरकत असेल, तर लहान चौकट ०.०४ सेकंदाची आणि मोठी ०.२० सेकंदाची असते. ठोके नियमित असल्यास लागोपाठच्या दोन आर टोकांमधल्या, म्हणजे ठोक्यांच्या उंच टोकांमधल्या, मोठ्या चौकटींच्या संख्येने ३०० ला भागावे; चार चौकटी भरल्या, तर मिनिटाला ७५ ठोके. ठोके अनियमित असतील तर हे गणित फसते. तेव्हा ३० मोठ्या चौकटींतले, म्हणजे सहा सेकंदांतले, ठोके मोजून त्यांना दहाने गुणावे. मग प्रत्येक क्यूआरएसच्या, म्हणजे ठोक्याच्या त्या टोकदार भागाच्या, आधी पी ही छोटी लहर आहे का, पीआर अंतर (पीच्या सुरुवातीपासून क्यूआरएसच्या सुरुवातीपर्यंतचा काळ) ०.१२ ते ०.२० सेकंदांत बसते का, क्यूआरएस ०.१२ सेकंदांहून अरुंद आहे का, हे याच क्रमाने पाहावे आणि एसटीकडे, म्हणजे क्यूआरएसनंतरच्या रेषेकडे, त्यानंतरच वळावे. रोज एक पट्टी अशी वाचली, तरी पहिल्या वर्षाला पुष्कळ झाले.

यंत्राचे म्हणाल, तर जशी नोंद मिळेल तसेच ते छापते. दोन्ही हातांच्या वायरींची अदलाबदल झाली, तर लीड एकमधल्या, म्हणजे दोन हातांमधली नोंद दाखवणाऱ्या ओळीतल्या, लहरी उलट्या उमटतात आणि निरोगी माणसाच्या पट्टीवरही भलताच शेरा येऊ शकतो. आपल्याकडच्या मे महिन्यात घामाने त्वचेवर चिकटवलेला इलेक्ट्रोड सैल होतो, मूळ रेषा वरखाली डोलू लागते; तेव्हा रुग्णाची छाती कोरडी पुसून, बरगड्या बोटाने मोजून, व्ही एक आणि व्ही दोन हे छातीवरचे इलेक्ट्रोड बरगड्यांमधल्या चौथ्या फटीतच पुन्हा लावणारे माणूस लागते. आपली मुलगी नेमके हेच काम शिकते आहे.

निदान डॉक्टरांनीच करायचे असते. पण छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी, रुग्ण आल्यापासून दहा मिनिटांच्या आत काढून डॉक्टरांच्या नजरेखाली जावा, असा दंडक आहे, आणि त्या दहा मिनिटांतली बरीचशी टेक्निशियनच्या हाती असतात. हे तिला जरूर वाचून दाखवावे.