जिप्सीला दोन इंच लिफ्ट: पाटे उचलण्याआधी खाली झोपून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. २०१२ ची मारुती जिप्सी किंग, चिकोडी पासिंग, पाटे (लीफ स्प्रिंग) मूळचे आणि बसलेले. उसाच्या फडात ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांतून जाताना मधला उंचवटा खालून घासतो. पावसाळ्यात दोस्तांबरोबर जांबोटी-कणकुंबीकडे गेलात की जांभ्या दगडावर गाडी पोटावर टेकते. बजेट तीस हजार. पाट्याच्या दुकानातला मेस्त्री म्हणतो, ‘लांब शेकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी कडी) घालतो, एक पाटा वाढवतो, सांजच्याला गाडी घेऊन जावा.’ अशी लिफ्ट, म्हणजे गाडी उंच करणं, करू का?

मेस्त्रीला चार दिवस थांबवा. आधी गाडीखाली झोपून कुठे कुठे घासलंय ते बघा, कारण तुमच्या दोन तक्रारींची औषधं वेगळी आहेत.

जिप्सीला पुढे आणि मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल आहे आणि दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या डिफरन्शियलचा गोळा त्या ॲक्सलवरच आहे. पाटे दोन इंच उचला नाहीतर पाच, तो गोळा जमिनीपासून होता तेवढाच राहणार. त्याच्या आणि जमिनीच्या मध्ये फक्त टायर आहे. कंपनी ग्राउंड क्लिअरन्स २१० मिमी सांगते, तो आकडा लिफ्टनं हलत नाही. लिफ्टनं वर जातात चेसिस, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारी पेटी), सायलेन्सर आणि बंपर. तेव्हा गोळ्याच्या तळाचा रंग खरवडून पत्रा चमकत असेल तर टायर बदला. ट्रान्सफर केसखालचा क्रॉसमेंबर (चेसिसची आडवी पट्टी) किंवा सायलेन्सर चेपला असेल तर लिफ्टचा विचार करा. उसाच्या चाकोरीत बहुतेक गोळाच घासतो. कारखाने सुरू झाले की भरलेल्या ट्रॉल्या काळ्या जमिनीत चर पाडतात, तो चर वाळला की मधली माती दगडासारखी होते. जांबोटीकडे, खानापूर भागात, जांभ्याच्या पायऱ्या असतात, तिथे मात्र पोट टेकतं.

टायरचं गणित सोपं आहे. तुमचा मूळचा २०५/७० आर१५ म्हणजे व्यास साधारण ६६८ मिमी. २१५/७५ आर१५ घातला तर ७०३ च्या आसपास. निम्मा फरक गोळ्याखाली मिळतो, म्हणजे १७-१८ मिमी. ऐकायला किरकोळ वाटतं, पण चाकोरीत घासणं आणि न घासणं यातला फरक तेवढाच असतो. २३५/७५ मध्ये जवळजवळ ३३ मिमी मिळतात, पण त्याला रुंद रिम लागते, तो वळताना आणि दबताना आत लागतो आणि १.३ लिटरचं इंजिन चढावर रडायला लागतं. गिअरिंग जवळजवळ दहा टक्क्यांनी लांबतं, त्यामुळे लो रेंजमध्येही (जादा ताकदीच्या हळू गिअरमध्येही) क्लच जाळावा लागतो. माझं मत २१५ च्या बाजूनं. त्याला लिफ्टची गरज पडत नाही. स्पीडोमीटर पाच टक्के कमी दाखवेल, म्हणजे काटा ६० वर असेल तेव्हा गाडी ६३ ला असेल. बास.

चार बरे टायर घेतले की तीस हजारांतला मोठा वाटा तिथेच जाणार, हे खरं. म्हणून या हंगामात टायर आणि बुश (पाट्याच्या टोकांतले रबर), पुढच्या पावसाळ्याआधी पाटे आणि शॉकअप, असे टप्पे पाडा. अर्धवट लिफ्ट करून पैसे संपले, की उरलेली कामं कायमची राहतात आणि ती कामंच महत्त्वाची असतात.

आता लिफ्टच्या प्रकारांकडे. बजेटमधला लोकप्रिय उपाय म्हणजे लांब शेकल. पण शेकल दोन इंच लांब केला तर गाडी एकच इंच उचलते, कारण पाट्याचं दुसरं टोक जागच्या जागी असतं. शिवाय जिप्सीचा पुढचा शेकल पाट्याच्या पुढच्या टोकाला आहे. तो लांबवला की पाटा पुढे झुकतो, त्याच्याबरोबर ॲक्सलही पुढे फिरतो आणि कॅस्टर (चाक ज्या धुरीभोवती वळतं तिचा मागे कललेला कोन) कमी होतो. मग वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ होत नाही. गावातल्या रस्त्यावर हे कळत नाही. पुणे-बेंगळुरू हायवेवर ऐंशीला शेजारून ट्रक गेला, की गाडी भरकटते तेव्हा कळतं. ॲक्सल आणि पाट्याच्या मध्ये पाचर घालून कॅस्टर परत आणता येतो, पण मग पिनियनचं, म्हणजे डिफमध्ये शाफ्ट जिथे जोडतो त्या भागाचं, तोंड खाली जातं आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो. एक सावरायला गेलं की दुसरं हटतं. पाचर घालायचीच तर पोलादी घ्या, ॲल्युमिनियमची चिरडते. माझ्या लेखी शेकलनं अर्धा-पाऊण इंचापलीकडे जाऊ नये, आणि बाजारात मिळणाऱ्या दोन पट्ट्यांच्या सुट्या शेकलऐवजी मध्ये आडवी पट्टी जोडलेला घ्यावा. सुट्या पट्ट्या बाजूला झुकतात.

जादा पाटा घालणं त्याहून वाईट, निदान तुमच्या वापराला. दुकानात हाताला लागतो तो बहुतेक वेळा जड गाडीचा जाड पाटा. जिप्सीचं वजन जेमतेम एक टन. तसा पाटा पडला की रिकामी गाडी बेडकासारखी उड्या मारते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चाक खाली लोंबणं बंद होतं. जांभ्याच्या पायरीवर गाडी तिरकी चढली की एक चाक हवेत जातं, डिफ साधा असल्यानं सगळी ताकद त्या हवेतल्या चाकाला जाते आणि गाडी तिथेच उभी. उंच दिसणारी ताठ गाडी मूळच्या मऊ गाडीच्या मागे अडकलेली चोर्ला घाटाच्या बाजूला दर पावसाळ्यात दिसते. रोज मागे खताची पोती असतील तर एखादा पातळ पाटा चालेल, तोही मागेच.

जुन्या पाट्याला ठोकून कमान चढवणं स्वस्त आहे, पण नुसतं थंड ठोकलेलं काही महिन्यांत परत बसतं. गॅसनं लाल करून वाकवलं तर पोलादाचं पाणी उतरतं, मग पाटा एकतर लगेच बसतो नाहीतर तुटतो. पाटे बनवणारे भट्टीत तापवून, तेलात बुडवून, परत ठरावीक तापमानाला ताव देतात. ती सोय नसलेल्या दुकानात हे काम करू नका. ॲक्सलच्या खालचे पाटे वर बसवायचे, म्हणजे स्प्रिंग-ओव्हर, त्यात पाच इंचांच्या आसपास मिळतात. पण स्टेअरिंगचे रॉड, शाफ्ट, ब्रेकचे होज (रबरी नळ्या), शॉकअपची ठाणी (तो जोडायच्या जागा) असं सगळंच नव्यानं करावं लागतं. आणि जिप्सीची चाकं एकमेकांपासून तेराशे मिमीच्या आसपास. तेवढ्या अरुंद गाडीला पाच इंच उचलून आडव्या उतारावर नेणं मला पटत नाही. बॉडी लिफ्टनं फक्त मोठ्या टायरला जागा होते, पोट जिथल्या तिथे. तुमच्या उपयोगाचं नाही.

उरला रास्त मार्ग: दोन इंच जादा कमानीचे, बनवतानाच तसे घडवलेले नवे पाट्यांचे सेट, चारही. एक जोडी नवी आणि एक जुनी असं नको. पण त्याआधी एक मोजमाप करा. सपाट फरशीवर चारही चाकांशी हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर घ्या. तुमचे पाटे बसलेले आहेत. मूळ मापाचे नवे पाटे आणि नवे बुश यांनीच इंचभर परत मिळू शकतं, आणि त्यात बाकी काहीच बदलावं लागत नाही.

दोन इंच करायचंच ठरलं तर खरं काम शॉकअपचं आहे, आणि तिथेच लोक पैसे वाचवतात. मूळ शॉकअप तसाच ठेवला तर चाक लोंबताना सगळा भार शॉकअपवर येतो, त्याचा डोळा तुटतो किंवा आतला रॉड निसटतो. उलट अंदाजानं लांब शॉकअप घातला तर खड्ड्यात आपटताना तो आत पूर्ण मिटून तळ गाठतो. म्हणून पाटे बसवल्यावर शॉकअप न लावता एक चाक फळीवरून किंवा दगडांच्या राशीवर चढवा, त्याच ॲक्सलचं दुसरं चाक लोंबू द्या. दोन्ही बाजूंना शॉकअपच्या वरच्या आणि खालच्या ठाण्यांमधलं अंतर टेपनं घ्या. लोंबत्या बाजूच्या मापापेक्षा उघडलेला शॉकअप थोडा लांब हवा, दबलेल्या बाजूच्या मापापेक्षा मिटलेला थोडा आखूड हवा. तसा मिळत नसेल तर बंप रबर (चाक फार वर आलं की अडवणारं) खाली उतरवा. चेसिस स्टँडवर असल्याशिवाय खाली हात घालू नका.

चाक लोंबलेलं असतानाच ब्रेकचा होज बघा. ताणून तारेसारखा झाला असेल तर लांब होज लावा किंवा त्याचा ब्रॅकेट खाली आणा. तसाच ठेवून ‘चालतंय की’ म्हणू नका. प्रोपेलर शाफ्टच्या सरकत्या जोडावर लिफ्टआधी खडूची खूण करा, नंतर ती किती बाहेर आली ते दिसेल. फार आली असेल तर फ्लँजमध्ये चकती घालतात. बेळगावच्या उद्यमबागेत कुठल्याही चांगल्या लेथवर ती चोख मापात करून मिळते, फक्त बोल्ट तेवढे लांब आणि हाय टेन्साइल घ्या. स्टेअरिंग मध्यावरून हटलेलं असेल, ते ड्रॅग लिंकच्या (स्टेअरिंगपासून चाकाकडे जाणाऱ्या रॉडच्या) लांबीनं आणा. व्हील काढून फिरवून बसवू नका.

जोडताना दोन गोष्टींवर मेस्त्रीच्या शेजारी उभे राहा. एक, यू-बोल्ट (पाटा ॲक्सलला बांधणारे) नवेच, आणि आळीपाळीनं आवळायचे, एक बाजू पूर्ण घट्ट करून मग दुसरी असं नाही. दोन, पाट्याच्या डोळ्याचे आणि शेकलचे बोल्ट गाडी जॅकवर असताना आवळायचे नाहीत. हलके लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, चार वेळा दाबून हलवायची, मग घट्ट. जॅकवर आवळलं तर गाडी खाली येताच बुश पिळला जातो आणि लवकरच फाटतो. ‘नवे बुश टाकले तरी कर्र कर्र वाजतंय’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. शंभर किलोमीटरला यू-बोल्ट परत आवळा, पाचशेला पुन्हा बघा.

थार किंवा जिम्नीवाल्यांनी हे तसंच उचलू नये. २०२० नंतरच्या थारला पुढे डबल विशबोन आहे, म्हणजे अखंड ॲक्सल नाही, तिथे स्पेसर (उंची वाढवायची चकती) जाड झाला की ड्राइव्ह शाफ्टचे सांधे वाकड्या कोनात चालतात. जिम्नीला कॉइल आणि पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला आडवा धरून ठेवणारा) आहे, लिफ्ट केली की ॲक्सल एका बाजूला सरकतो.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलांत फरक पडेल असा बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर दर बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तुमची गाडी २०२७ मध्ये पंधरा वर्षांच्या नूतनीकरणाला जाणार, तेव्हा तपासणी होईलच. म्हणून मूळचे शेकल आणि पाटे भंगारात देऊ नका. अपघात झाला तर विमावालेही हा मुद्दा काढू शकतात. आणि कणकुंबीकडे जाताना भीमगड अभयारण्याच्या हद्दीत चाक घालू नका, तिथे लिफ्ट असो वा नसो, केसच होईल.

तर आधी खाली झोपून गोळा, क्रॉसमेंबर आणि सायलेन्सर यांचे फोटो काढा, चारही मडगार्डची मापं घ्या आणि इथे टाका. पाटे नवे मूळ मापाचे पुरतील की दोन इंचांचे लागतील ते त्यावरून सांगता येईल. मेस्त्रीला फोन त्यानंतर करा.