या वर्षी घेतलेली जुनी मराठी पुस्तकं, आणि ती शेजारी-शेजारी ठेवून वाचायचा बेत

अलीकडे कोणती अभिजात पुस्तकं विकत घेतली आणि ती वाचायचा बेत काय, असं तुम्ही विचारलंय. सोबत अडचणही लिहिली आहे : गाजलेल्या पुस्तकांच्या याद्या बघून पुस्तकं आणता, पन्नासेक पानं होतात आणि मग पुस्तक कपाटात जातं ते जातंच. दोन्हींचं उत्तर एकदमच देते, कारण या खेपेला मी खरेदीच अशी केली की एक पुस्तक दुसऱ्याला ओढून आणेल.

यादीतली पुस्तकं एकमेकांना ओळखत नाहीत. एक कोकणातलं, एक खानदेशातलं, एक १८९० चं, एक १९६३ चं. प्रत्येक वेळी नवा काळ, नवी भाषा, नवी नाती समजून घ्यायची. त्या पहिल्या पन्नास पानांतच दमछाक होते. म्हणून मी एकच काळ धरला, १८५७ पासून साधारण १९३५ पर्यंतचा, आणि त्या काळातल्या घरांत, विशेषतः बायकांच्या आयुष्यात, डोकावणारी पुस्तकं घेतली. विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास', ताराबाई शिंदे यांचं 'स्त्री पुरुष तुलना', हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?', रमाबाई रानडे यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी', लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आणि विभावरी शिरूरकरांचं 'कळ्यांचे निःश्वास'. निम्मी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून, बाकीची दादरहून. यातली काही शाळा-कॉलेजात तुकड्यातुकड्यांनी वाचली होती, पण धड्यात आलेलं पुस्तक म्हणजे वाचलेलं पुस्तक नव्हे.

सुरुवात 'माझा प्रवास'ने केली आणि तुम्हालाही तेच सुचवेन. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक. घरची ओढगस्त, त्यात बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार असल्याची बातमी कानावर येते. दक्षिणा मिळेल, कर्ज फिटेल, या आशेने काकांबरोबर उत्तरेची वाट धरतात आणि थेट सत्तावनच्या बंडात सापडतात. झाशीला वेढा पडतो तेव्हा हे झाशीत असतात. इतिहासाच्या पुस्तकात फौजा आणि तारखा असतात. इथे पोटाची, जिवाची आणि सोवळ्याची एकाच वेळी काळजी करणारा माणूस आहे. झाशी पडल्यानंतरचा विहिरीचा प्रसंग मी दोनदा थांबून वाचला. काल्पीच्या वाटेवर, धुळीने माखलेली, तहानलेली राणी विहिरीपाशी येते. भटजी ओळखतात आणि पाणी शेंदून द्यायला पुढे होतात. ती त्यांना थांबवते. तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही माझ्यासाठी पाणी काढू नका, मीच काढते, अशा अर्थाचं बोलते आणि स्वतः मडकं विहिरीत सोडते. राज्य गेलेलं, पाठीवर शत्रू, आणि तरीही रीत सुटलेली नाही. गोडसे हे सगळं काही विशेष सांगतोय असा आव न आणता सांगतात. पुढे वाटेत कितीदा तरी लुटले गेल्यावरही हा माणूस गंगेच्या पाण्याची कावड घेऊन घरी पोचतो, आईवडिलांना गंगास्नान घालायचं म्हणून.

या पुस्तकाची प्रत घेताना मात्र नीट बघा. १९०७ साली चिं. वि. वैद्यांनी ते पहिल्यांदा छापलं, तेव्हा त्यांनी मूळ मजकुरात बराच फेरफार केला होता. दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून केलेली आवृत्ती १९६६ मध्ये आली. गोडसे भटजींची स्वतःची भाषा हवी असेल तर हस्तलिखितावर बेतलेली प्रत घ्या. प्रस्तावनेतच कळतं कुठला पाठ आहे ते. दुकानात उभ्या-उभ्या दोन पानं चाळली तरी पुरे.

आता 'स्मृतिचित्रे'. मी या दोन पुस्तकांची जोडी लावली ती पहिल्या पानांमुळे. लक्ष्मीबाईंच्या माहेरची गोष्टही सत्तावनपासूनच सुरू होते. त्या धामधुमीत घरातल्या जवळच्या नातलगाला फाशी झालेली, आणि त्या धक्क्यानंतर वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचं वेड शिरलेलं. गोडसे भटजी बंडातून सोवळं सांभाळत घरी परतले, आणि नाशिकजवळच्या जलालपुरात त्याच बंडाने एका घराचं सोवळं वेडापर्यंत नेलं. सुटं वाचलं असतं तर हा धागा माझ्या हाती लागला नसता.

'स्मृतिचित्रे' मी आईला मोठ्यानं वाचून दाखवते आहे. तिची नजर आता बारीक टायपावर ठरत नाही. आणि हे पुस्तक डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त चांगलं कळतं, कारण लक्ष्मीबाई लिहीत नाहीत, बोलतात. वाक्यं छोटी, प्रसंगाला थेट हात घालणारी, आणि स्वतःच्या दुःखावर रेंगाळणं नाही. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंना नवरा जिवंत असून नसल्यासारखा झाला. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, पंढरपुरातही दिवस काढले. या भागात दुसरा कोणी लेखक असता तर पानंच्या पानं विलाप केला असता. इथे दुःख चार ओळींत येतं आणि लगेच स्वयंपाक, पोराचं आजारपण, सोयऱ्यांचे स्वभाव. मग हळूहळू, कुणी उपदेश न करता, त्यांच्या मनातली जातीची भिंत पडते. माणसाने केलेले भेद देवाने केलेले कसे असतील, हा विचार त्यांना कुठल्या ग्रंथातून येत नाही. तो येतो पाणी, अन्न, शिवाशिव या रोजच्या गोष्टींचा विचार करता करता. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आई या भागाशी मला म्हणाली, "अगं, ही नवऱ्यामागून गेली असं सगळे म्हणतात, पण ही तर आपल्या पायांनी पोचली." याहून नेमकं मला सांगता येणार नाही.

'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालं. शेवटचा भाग त्यांच्या निधनानंतर मुलाने, देवदत्त टिळकांनी पुरा केला. बाजारात संक्षिप्त आवृत्त्याही आहेत. कृपा करून संक्षिप्त घेऊ नका. या पुस्तकाची गंमतच बारीकसारीक प्रसंगांत आहे, आणि संक्षेपात कात्री नेमकी त्यांनाच लागते.

'पण लक्षात कोण घेतो?' हे तुमच्यासारख्याच अनेकांचं अडलेलं पुस्तक असणार. जाडजूड आहे. पण ते लिहिलं कसं गेलं हे लक्षात घेतलं तर वाचायची रीत सापडते. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं आणि त्यात ही कादंबरी क्रमशः येत गेली. पुस्तक १८९३ चं. म्हणजे पहिल्या वाचकांनी ती आठवड्या-आठवड्याने, थोडी थोडी वाचली. त्या पसरट, गप्पांच्या अंगाने जाणाऱ्या निवेदनाला तोच वेग मानवतो. मी एका वेळी एक-दोन प्रकरणांच्या वर जात नाही, आणि तसं वाचताना कादंबरीची नायिका यमू रोज संध्याकाळी येऊन आपली हकीकत सांगणारी शेजारीण होऊन जाते. सव्विशीतला एक पुरुष विधवा बाईच्या तोंडून तिची सगळी जन्मकथा सांगतो आणि ती बाईचीच वाटते, याचं नवल मला प्रत्येक प्रकरणात वाटतं. मैत्रीण दुर्गी, तिचा वाया गेलेला नवरा, यमूला शिकवणारा समजूतदार रघुनाथ आणि तो शंकरमामंजी! शेवट सांगत नाही. एवढंच सांगते की आईने हे पुस्तक रात्री वाचायला मनाई केली आहे. "झोप लागत नाही मला, सकाळी वाच काय ते."

याच्या शेजारी रमाबाईंच्या आठवणी ठेवा. १८७३ मध्ये अकरा वर्षांच्या रमाबाईंचं लग्न एकतीस वर्षांच्या विधुर रानड्यांशी झालं. नवरा शिकवतो, घरातल्या बायका टोमणे मारतात, आणि मुलगी दोन्ही सांभाळत अभ्यास करते. यमू-रघुनाथाच्या संसारात हरिभाऊंनी जे कल्पनेनं रंगवलं, ते रमाबाई भोगून सांगतात. पण १९१० चं हे पुस्तक संयमाचं आहे. पतीबद्दलची भक्ती प्रत्येक पानावर आहे, आणि स्वतःला काय सोसावं लागलं ते त्या हलक्या हाताने बाजूला सारतात. कादंबरीत यमू जे मोकळेपणी बोलते ते इथे न बोललेलं राहतं, आणि यमू डोक्यात असली की ते न बोललेलंही ऐकू येतं. दोन्ही पुस्तकं आलटून पालटून वाचते आहे ती यासाठीच.

'स्त्री पुरुष तुलना' फार छोटं आहे, एका बैठकीत होतं, पण एका बैठकीत वाचवत नाही. १८८१ साली सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली, ती पुढे कमी करण्यात आली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून समस्त बायकांच्या चालचलणुकीवर लिहिणाऱ्यांचा पूर आला. बुलढाण्याच्या ताराबाईंनी १८८२ मध्ये त्याला जे उत्तर दिलं ते असं की आजही वाचताना अंग तापतं. बाईला दोष देता ते सगळे दोष पुरुषात नाहीत का, हा एकच सवाल त्या देवधर्म, पुराणं, राजेरजवाडे, सुधारक, सगळ्यांना लावत जातात. जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली, पण नंतर हे पुस्तक जवळजवळ शतकभर विस्मृतीत गेलं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं म्हणून आज आपल्या हातात आहे. मराठीत काय काय असं अडगळीत पडून राहिलं असेल, या विचारानं जीव कासावीस होतो.

'कळ्यांचे निःश्वास' अजून उघडलेलं नाही. ते मुद्दाम शेवटी ठेवलंय. १९३३ चं, म्हणजे 'स्मृतिचित्रे'च्या जेमतेम आधीचं. शिकलेल्या, कमावत्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं मालतीबाई बेडेकरांनी विभावरी शिरूरकर या टोपणनावाने लिहिलं आणि केवढी खळबळ उडाली! लक्ष्मीबाई साठी ओलांडून जुन्या घराची आठवण सांगत होत्या, त्याच सुमारास ही नवी मुलगी नव्या घुसमटीबद्दल बोलत होती. हे दोन आवाज मला लागोपाठ ऐकायचे आहेत.

या गटाबाहेरचं एकच पुस्तक घेतलं, दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र'. १९५६ चं. चैत्रापासून एकेका महिन्यावर एकेक लेख, त्यामुळे ते ज्या त्या महिन्यात वाचायचं ठरवलंय. मुंबईसारख्या शहरातही झाडाला कधी पालवी फुटते, आभाळाचा रंग कधी पालटतो, हे इतक्या बारकाईनं पाहणारी बाई विरळा. खिडकीतून दिसणारा पिंपळ आणि पुस्तकातला पिंपळ पडताळून बघायला मला आवडतं, आणि महिना संपेपर्यंत पुढचं पान उघडायचं नाही हा नेम आपोआप पाळला जातो.

खरेदीबद्दल थोडं. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी आपल्याकडे लेखनाचा हक्क खुला होतो. हरिभाऊ १९१९ मध्ये गेले, रमाबाई १९२४ मध्ये, लक्ष्मीबाई १९३६ मध्ये. त्यामुळे त्यांची पुस्तकं कोणीही छापू शकतो आणि छापतोही. स्वस्त मिळतात हे चांगलंच, पण काही प्रतींत मुद्रणाच्या चुका इतक्या असतात की वाक्याचा अर्थच हरवतो. मधलं कुठलंही एक पान वाचून बघा, दोन-तीन चुका दिसल्या की ती प्रत ठेवून द्या. जुन्या पुस्तकांच्या दुकानात १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीची प्रत मिळाली तर 'घरांत', 'केलें' असे अनुस्वार दिसतील. चार पानांत डोळ्याला सवय होते. विकत घ्यायच्या आधी चाखून बघायचं असेल तर हक्कमुक्त झालेली बरीच पुस्तकं मराठी विकिस्रोतावर आणि राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत.

सगळी सहा पुस्तकं एकदम घ्यायची गरज नाही. तुमच्या अडचणीला दोनच पुरतील : 'माझा प्रवास' आधी, आकाराने आटोपशीर आणि प्रसंगांनी भरलेलं, ते संपलं की लगेच, मध्ये दुसरं काही न घेता, 'स्मृतिचित्रे'. बंडाची गोष्ट अर्धवट राहिल्यासारखी वाटत असतानाच दुसऱ्या पुस्तकाचं पहिलं पान उघडलं पाहिजे. ग्रामीण भाग जवळचा वाटत असेल तर व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' आणि उद्धव शेळक्यांची 'धग' ही जोडी लावा, १९५५ आणि १९६०. माणदेशातला तरुण मास्तर आणि वऱ्हाडातली कौतिक. माझी पुढची खरेदी तीच आहे. 'धग'मधले वऱ्हाडी संवाद मला मोठ्यानं वाचता यायला हवेत, म्हणून तिकडचं कोणी हे वाचत असेल तर खाली जरूर लिहा, उच्चारांसाठी मदत लागणार आहे.