समुद्रावर गेल्याने मनाची उदासी खरोखर कमी होते का?

तुम्ही लिहिले आहे की नोकरी सुटल्यामुळे पुण्याहून गावी परत आल्यापासून मन सतत खिन्न असते, घरची माणसे ‘जरा समुद्रावर जाऊन ये, बरे वाटेल’ असे सांगतात, परंतु तासभर किनाऱ्यावर बसूनही काही फरक पडत नाही. तेव्हा निसर्गामुळे उदासी कमी होते हे खरे की ती नुसती बोलण्याची रीत आहे? माझ्या मते ते बऱ्याच अंशी खरे आहे, मात्र नुसते बसून राहणाऱ्याला त्याचा लाभ क्वचितच होतो.

मी रत्नागिरीचा. आईच्या निधनानंतर जवळजवळ वर्षभर मी रोज संध्याकाळी भाट्याच्या पुळणीवर सुरूच्या बनाजवळ जाऊन बसत असे आणि घरी जे विचार मनात घोळत असत तेच तेथे घोळवून अंधार पडल्यावर परतत असे. एके दिवशी खाडीतून मुळे, म्हणजे शिंपले, वेचून येणाऱ्या ओळखीच्या एका मावशींनी मला हटकले, ‘सुकती कधीची आहे ते तरी बघून येत जा रे! नुसतं बसून काय दिसणार तुला?’ खाडीकाठी जन्म काढूनही त्या दिवशीच्या सुकतीची, म्हणजे पूर्ण ओहोटीची, वेळ मला सांगता आली नाही, याची खरोखर लाज वाटली.

आपल्याकडचा जुना हिशोब तुम्हालाही ठाऊक असेल: तिथीला पाऊणने गुणले की भरतीची ढोबळ वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, म्हणजे नऊच्या सुमारास सुकती. आणि दुसऱ्या दिवशी हेच सारे पाऊण तासाने पुढे सरकते. मी कालनिर्णय पाहून सुकतीच्या वेळी जाऊ लागलो. ओल्या वाळूवर बारीक खेकड्यांनी बिळाभोवती मांडलेली गोळ्यांची नक्षी, खडकांना चिकटलेली कालवे, खाडीच्या तोंडाशी टपून बसलेले बगळे हे सर्व माझ्यासमोर लहानपणापासून होते, परंतु उठून, वाकून पाहिल्याशिवाय ते दिसत नाही. आईची आठवण काही थांबली नाही. मात्र मध्येच पंधरा-वीस मिनिटे अशी जाऊ लागली की ज्यात मी स्वतःविषयी काहीच विचार केलेला नसे.

उदास माणसाचे मन एकाच विचाराभोवती घाण्याच्या बैलासारखे फिरत राहते, आणि निसर्गाचा परिणाम मुख्यतः या फिरण्यावर होत असावा. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही जणांना नव्वद मिनिटे झाडाझुडपांतून आणि काही जणांना रहदारीच्या रस्त्याकडेने चालायला लावले होते. झाडांतून चालून आलेल्यांमध्ये तेच ते विचार उगाळण्याचे प्रमाण घटले आणि मेंदूच्या संबंधित भागातील हालचालही मंदावली. दुसऱ्या गटात तसे आढळले नाही. अर्थात ही सारी निरोगी माणसे होती, हे विसरता कामा नये. इंग्लंडमध्ये सुमारे वीस हजार लोकांच्या माहितीवरून 2019 साली असे दिसून आले की आठवड्यात किमान 120 मिनिटे निसर्गात घालवणारे लोक प्रकृती व समाधान यांविषयी अधिक चांगले सांगतात, मग ती मिनिटे एकाच दिवशी असोत वा विभागलेली. ज्याला मुळात बरे वाटते तोच अधिक बाहेर पडतो, हा आक्षेप येथे घेता येतो आणि मला तो रास्त वाटतो. तरीही दोन तास ही काही महाग औषधाची मात्रा नव्हे.

पावसाळ्यात मात्र माझा सल्ला वेगळा आहे. जूनपासून समुद्र खवळलेला असतो, होड्या ओढून ठेवलेल्या असतात आणि अशा वेळी पाण्याजवळ जाणे हा शुद्ध मूर्खपणा आहे. आपल्याकडे उदासीचा खरा काळही हाच, कारण माणूस चार महिने घरात अंधारात कोंडून घेतो. ढगाळ दिवशीही बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांच्या कितीतरी पट असतो आणि झोपेचे घड्याळ त्यावरच चालते. म्हणून सकाळी पाऊस उघडला की पाखाडीने, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेने, चालत वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, जावे. भाद्रपदात तेथे सीतेची आसवे फुलतात. ती निळसर फुले गुडघे टेकून पाहावी लागतात, आणि एवढे नाजूक झाड सूक्ष्म कीटकांवर जगते हे कळले की जरा अचंबा वाटतो.

एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप व भूक बिघडलेली असेल, कशातच रस वाटत नसेल किंवा जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील, तर समुद्रावर विसंबून राहू नका. डॉक्टरांना भेटा, अथवा टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर फोन करा. तेथे मराठीतून बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. मीही पुढे डॉक्टरांकडे गेलो होतो, आणि गोळ्या सुरू असतानाही सुकतीची फेरी चुकवली नाही.

तुमचे गाव नेमके कोठे आहे ते तुम्ही लिहिलेले नाही. ते खाडीने बरेच आत असेल तर भरती-ओहोटी किनाऱ्यापेक्षा उशिरा पोहोचते, म्हणून वरच्या हिशोबात तेवढी भर घालावी. किती, ते तरीवाल्याला, म्हणजे खाडीत होडी चालवणाऱ्याला, विचारा.