विंडोज नव्याने टाकल्यावर विकत घेतलेली गाणी परत मिळतात का?

लॅपटॉपचे विंडोज बिघडले, दुरुस्ती करणाऱ्याने ते नव्याने टाकून दिले आणि आयट्यून्स या ॲपल कंपनीच्या दुकानातून व इतर ठिकाणांहून पैसे देऊन घेतलेली गाणी दिसेनाशी झाली, ती परत मिळतील का, असे आपण विचारले आहे. बरीचशी मिळतील. मात्र ती मिळेपर्यंत त्या लॅपटॉपवर काहीही डाउनलोड करू नका, कारण फॉरमॅट केलेल्या, म्हणजे नव्याने वापरण्यासाठी रिकामी केलेल्या हार्ड डिस्कवरची जुनी माहिती लगेच पुसली जात नाही. तिच्या जागेवर नवीन काही लिहिले गेले की ती कायमची जाते.

हा प्रश्न वाचून मला २०१९ ची दिवाळी आठवली. आमचे बाबा ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झाले आणि त्यानंतर त्यांनी संगणक शिकला तो केवळ शास्त्रीय संगीतासाठी. आमचे घर नाशिकच्या पंचवटीत. गायक दत्तात्रेय विष्णु पलुसकर १९२१ साली नाशिकात जन्मले आणि १९५५ साली, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले, त्यामुळे त्यांचे जेवढे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे तेवढे आपल्या घरात असलेच पाहिजे, असा बाबांचा आग्रह होता. ज्याच्या गळ्यामुळे आपली सकाळ चांगली जाते, त्याच्या गाण्याला पंधरा रुपये देताना हात आखडू नये, असे ते म्हणत. डिसेंबर २०१२ मध्ये आयट्यून्स स्टोअर भारतात सुरू झाल्यापासून त्यांनी एकेक करून चारशेहून अधिक गाणी घेतली होती. त्यांतली एक तृतीयांश गाणी मात्र दुसऱ्या एका दुकानातली होती, जे नंतर बंद झाले. अशी दुकाने आपल्याकडे आली आणि गेली. फ्लिपकार्टचे ‘फ्लाइट’ हे गाण्यांचे दुकानही २०१२ मध्ये उघडून २०१३ मध्ये बंद झाले होते.

वसुबारसेच्या दिवशी बाबांचा संगणक सुरू होईना. एका दुकानात नेला. दुसऱ्या दिवशी तो परत देताना तिथल्या माणसाने सांगितले की, डी ड्राइव्हला हात लावलेला नाही, तुमचा सगळा डेटा सुरक्षित आहे. आयट्यून्स आपली गाणी सी ड्राइव्हवर, म्हणजे विंडोज असलेल्या आणि त्याने फॉरमॅट केलेल्या भागावर, वापरकर्त्याच्या ‘म्युझिक’ फोल्डरमध्ये ठेवते, हे त्याने पाहिले नाही आणि आम्हाला विचारलेही नाही. न विचारता फॉरमॅट करणे याला मी दुरुस्ती मानत नाही. फॉरमॅट न करता विंडोज टाकले असते, तर सी ड्राइव्हवर ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाचे फोल्डर राहिले असते आणि त्यात सगळे सापडले असते. आपण आधी तेच पाहा, आणि लवकर पाहा, कारण विंडोज १० ते फोल्डर साधारण दहा दिवसांनी आपोआप काढून टाकते.

आयट्यून्सवरची गाणी एका संध्याकाळी दुसऱ्या संगणकावर परत आली. ज्या ॲपल आयडीने (आता त्याला ‘ॲपल अकाउंट’ म्हणतात) खरेदी केली होती त्यानेच लॉगिन करून ‘अकाउंट’ मेनूमधल्या ‘पर्चेस्ड’वर जावे, तिथे ‘नॉट इन माय लायब्ररी’ निवडावे आणि गाण्यासमोरच्या ढगाच्या चिन्हावर दाबावे. बाबांनी लावलेल्या याद्या मात्र आल्या नाहीत, कारण त्या लायब्ररीच्या फाइलमध्ये असतात आणि ती फाइल गेली होती. पहाटेचे, दुपारचे, दिवेलागणीचे, रात्रीचे असे राग त्यांनी प्रहरांनुसार लावून ठेवले होते.

बंद झालेल्या दुकानातल्या गाण्यांसाठी मी डिस्क बाहेर काढून दुसऱ्या संगणकाला जोडली आणि ‘फोटोरेक’ हा गेलेल्या फाइल शोधून देणारा मोफत प्रोग्राम रात्रभर चालवला. त्यातून मिळालेल्या फाइल वेगळ्याच डिस्कवर साठवाव्या लागतात. सकाळी १३८ गाणी मिळाली, पण एकालाही नाव नव्हते. फोटोरेक फाइलचे मूळ नाव परत आणत नाही, प्रत्येकीला एफ हे अक्षर आणि पुढे लांबलचक आकडा देते. एमपीथ्री फाइलच्या आत गायकाचे व गाण्याचे नाव टॅगमध्ये साठवलेले असते, ते वाचून ‘म्युझिकब्रेन्झ पिकार्ड’ या प्रोग्रामने निम्म्या फाइलना नावे दिली. उरलेल्यांचे टॅग अपुरे होते. त्यासाठी बाबा रोज संध्याकाळी माझ्या शेजारी खुर्ची घेऊन बसत. मी फाइल लावायचो, ते डोळे मिटून ऐकायचे आणि बहुतेक वेळा बंदिशीचा मुखडा येण्याआधी, आलापातच, राग आणि गायक सांगायचे. मी टाइप करायचो. एका गाण्याला ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मला थांबवून म्हणाले, “पुन्हा लाव, तानपुरा ऐकायचा राहिला.” तीन आठवडे असे गेले, आणि याद्याही त्यातच पुन्हा लागल्या.

या सगळ्या काळात पुण्याहून माझा मोठा भाऊ फोनवर एकच म्हणत होता, की हे सगळे फुकट ऐकायला मिळते, मग विकत घेऊन काय मिळवले? दादा, मिळवले ते हे: पैसे भरल्याची नोंद खात्यात होती म्हणून दोन तृतीयांश गाणी एका संध्याकाळी आली, आणि फाइल आपल्या डिस्कवर उतरवलेली होती म्हणून बंद दुकानातलीही मिळाली. महिन्याच्या वर्गणीवर ऐकलेले गाणे कंपनीचा करार संपला की यादीतून जाते आणि त्याबद्दल विचारणा करायलाही आपल्याकडे काही नसते. चूक विकत घेण्यात नव्हती, दुसरी प्रत न ठेवण्यात होती, आणि ती माझी होती, बाबांची नव्हे.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. आपल्या लॅपटॉपमध्ये एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली चिपवरची डिस्क असेल तर फोटोरेकवर फारशी आशा ठेवू नका, कारण फॉरमॅट केल्यावर एसएसडी मोकळी झालेली जागा स्वतःच आतून साफ करते. आमची साधी हार्ड डिस्क होती म्हणून जमले. दुसरे असे की एका ॲपल आयडीवर पाचच संगणकांना परवानगी असते आणि नव्याने विंडोज टाकलेला संगणक नवा म्हणून मोजला जाऊ शकतो. मर्यादा भरल्याचा संदेश आला तर सगळ्या संगणकांची परवानगी एकदम काढून टाकता येते, पण वर्षातून एकदाच. ईमेलमध्ये खरेदीच्या पावत्या शोधून ठेवा आणि डिस्क कोणत्या प्रकारची आहे ते कळवा, म्हणजे पुढचे सांगतो.